राजगड-तोरण्याच्या वाटेवरची कळलावी: ॲप 'औषधी' म्हणतं, पण थांबा

पावसाळ्यात भोर-वेल्ह्याकडे ट्रेकला गेलात की झुडपांत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी दिसते. फोटो काढून ॲपला विचारलं, तर बऱ्याचदा उत्तर येतं, 'औषधी वनस्पती'. मला हे उत्तर अर्धवट वाटतं.

तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. आपली पेशी विभागताना आधी 46 गुणसूत्रांची प्रत निघते. मग बारीक तंतू तयार होऊन एकेक संच दोन टोकांना ओढतात. कोल्चिसिन हे तंतू बनूच देत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कॉपी झाली, पण दुसरा फोल्डर तयार झालाच नाही. पेशी मध्येच अडकते. (बिनबियांच्या कलिंगडासाठी गुणसूत्रं दुप्पट करायला हीच युक्ती वापरतात.) माणसात आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा यांना जबर फटका बसतो, कारण तिथे विभाजन सतत चालू असतं.

2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हृदयविकारासाठी कोल्चिसिनला मंजुरी दिली खरी, पण ती रोज 0.5 मिलिग्रॅमची मोजलेली गोळी. कंदात किती आहे हे कॅमेऱ्याला कसं कळणार? ॲपवाल्यांनी 'औषधी'च्या आधी 'विषारी' लिहावं, एवढंच माझं म्हणणं.

रताळं समजून कुणी तो कंद खाल्लाच, तर उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात. तोवर वाट बघू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या.