दोष चीजचा नाही, पाण्याचा

मासे आणि दूध एकत्र खायचं नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेलं असतं. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं : अंगावर पांढरे डाग उठतात. दक्षिण कॅलिफोर्नियात येऊन अर्धं आयुष्य गेलं तरी हा धाक सुटत नाही. म्हणून आपल्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीला कोणी कोळंबी आणि चीजचे टाकीटो, म्हणजे मक्याच्या टॉर्टियात सारण गुंडाळून तळलेल्या सुरळ्या, करू या असं सुचवलं, की निम्मी मंडळी नाकं मुरडतात. उरलेली म्हणतात, ‘घरी करून पाहिले, सगळं चीज तेलात गेलं, कढई घासताना नाकी नऊ आले.’ पहिला आक्षेप शास्त्राचा, दुसरा अनुभवाचा. माझं म्हणणं असं की दोन्हींत चीजवर नाहक आळ घेतला जातो. टाकीटो बिघडतो तो पाण्यामुळे, आणि कोळंबीचं पाणी आटवून ती सुकी करणं कोकणातल्या स्वयंपाकघराला कोणी शिकवायला नको.

शास्त्राचं आधी उरकतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे. मासे उष्ण, दूध शीत, म्हणून दोन्ही एकत्र खाऊ नयेत, असं आचार्य आत्रेय तिथं सांगतात. पण पुढचा भाग आपल्या आज्यांनी कधी सांगितला नाही. तिथेच भद्रकाप्य ऋषी आत्रेयांच्या शिष्याला, अग्निवेशाला म्हणतात की चिलिचिम नावाचा एक मासा सोडला, तर बाकी सगळे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. आत्रेय ते खोडून काढतात आणि निकाल त्यांच्याच बाजूनं लागतो, हे खरं. तरी या मुद्द्यावर तेव्हाही दोन मतं होती आणि संहितेनं ती प्रामाणिकपणे नोंदवली, हेही तितकंच खरं. शिवाय तो वाद दुधाचा होता, विरजण आणि रेनेट लावून महिनोन् महिने मुरवलेल्या चीजचा नव्हता. मासे-दुधानं पांढरे डाग पडतात याला आधुनिक वैद्यकात आधार नाही. ज्यांना पथ्य म्हणून पाळायचं त्यांनी खुशाल पाळावं, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण पथ्य पाळणारे आपल्यात किती? मुलांना घेऊन मॅकडोनाल्ड्समध्ये गेल्यावर आपण फिले-ओ-फिश मागवतोच ना? त्यात माशावर चीज असतं. 1962 साली सिनसिनाटीतल्या लू ग्रोन यांनी शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक गिऱ्हाइकांसाठी तो काढला होता. तो चालतो आणि कोळंबी-चीजचा टाकीटो चालत नाही, हे कुठलं शास्त्र?

आता ‘हे फ्यूजनचं खूळ आहे’ असाही एक शेरा ऐकू येतो, त्याबद्दल. मक्याच्या टॉर्टियात सारण भरून, गुंडाळून तळायची रीत मेक्सिकोत जुनी आहे. तिथं त्याला ताको दोरादो किंवा फ्लाउता म्हणतात. टाकीटो या नावानं तो आपल्याच परिसरात वाढला. लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा स्ट्रीटवर अवरोरा गेरेरो यांनी 1934 मध्ये ‘सिएलितो लिंदो’ सुरू केलं. अव्होकाडोच्या पातळ सॉसमध्ये बुडालेले तिथले बीफचे टाकीटो लोक आजही रांग लावून घेतात. सॅन डिएगोत 1940 मध्ये निघालेल्या ‘एल इंदियो’चा दावा आहे की टाकीटो हे नावच त्यांनी रूढ केलं. महायुद्धाच्या काळात विमान कारखान्यातल्या कामगारांना हातात धरून खाता येईल असं काहीतरी हवं होतं, असं ते सांगतात. दोन शहरांच्या या भांडणात मी पडत नाही. (सॅन डिएगोच्या वाचकांनी पत्रं पाठवू नयेत.)

सीफूड आणि चीजची जोडी मात्र खास मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याची. सिनालोआ राज्यातल्या मासात्लानमध्ये ‘लोस आर्कोस’ या हॉटेलात ताको गोबेरनादोर जन्मला असं सांगतात. कोळंबी, पोब्लानो मिरची आणि भरपूर चीज. 1987 ते 1992 या काळात राज्याचे गव्हर्नर असलेल्या फ्रान्सिस्को लाबास्तिदा यांच्यासाठी तो केला, म्हणून ‘गव्हर्नरचा ताको’. हेच लाबास्तिदा पुढे 2000 साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले. ताको मात्र देशभर गेला. त्याच किनाऱ्यावर धुरावलेला मार्लिन मासाही चीजबरोबर खातात. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, शुक्रवारी मांस बंद असतं तेव्हा, असे पदार्थ घरोघरी होतात. म्हणजे ही जोडी आपल्याकडच्या कोणी उत्साही सुगरणीनं जुळवलेली नाही.

या पदार्थांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. धुरावलेला मार्लिन कोरडा असतो. सिनालोआत कोळंबी वाळवून, कुटून तिचा माचाकाही करतात, तोही कोरडा. ओली, पाणी सुटणारी मासळी चीजबरोबर गुंडाळून थेट तेलात सोडायचं तिथला जाणता माणूस टाळतो.

यामागचं कारण साधं आहे. तेल तापलेलं असतं 175 अंश सेल्सिअसवर आणि पाणी तर 100 अंशांवरच उकळतं. एक मिलिलिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती दीड लिटरहून अधिक जागा मागते. ही वाफ बंद गुंडाळीत कोंडली की जिथं फट दिसेल तिथून बाहेर पडते आणि जाताना वितळलेलं चीज घेऊन जाते. ओल्या सारणाची करंजी तेलात फुटते, त्यातलाच हा प्रकार. वाफ आतून टॉर्टियालाही भिजवते, म्हणून बाहेरून सोनेरी दिसणारा टाकीटो दोन मिनिटांत मऊ पडतो. दोष दिसतो चीजचा, कारण तेलात तरंगताना तेच दिसतं.

मग पाणी येतं कुठून? सर्वांत आधी पिशवीतून. इथे मिळणाऱ्या फ्रोझन कोळंबीवर पुष्कळदा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटची प्रक्रिया झालेली असते. त्यामुळे कोळंबी पाणी धरून ठेवते, फुगते, वजन वाढतं, आणि आपण पाण्याचे पैसे मोजतो. पिशवी उलटी करून घटक वाचा. नुसती कोळंबी, फार तर मीठ, एवढंच लिहिलेलं असेल तीच घ्या. स्कॅलॉप घेतानाही मासळीवाल्याला ‘ड्राय’ आहेत का विचारा. खेकड्याच्या नावानं विकल्या जाणाऱ्या लाल-पांढऱ्या कांड्या या कामात घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे. बहुतेक वेळा तो पोलॉक माशाचा लगदा असतो, त्यात पिष्ट आणि अंड्याचा पांढरा भाग घातलेला असतो. गरम झाला की चवही जाते आणि पाणीही सुटतं.

आता आपली विद्या. बारा टाकीटोंसाठी सोललेली कोळंबी चारशे ग्रॅम घ्या. दोरा काढा, धुऊन फडक्यानं टिपा, मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवा. सुटलेलं पाणी फेकून पुन्हा टिपा आणि बोराएवढे तुकडे करा. पसरट तव्यात चमचाभर तेलावर कांदा परता. गॅसवर भाजून, साल काढून बारीक चिरलेली एक पोब्लानो मिरची आणि लसूण घाला. टोमॅटो हवाच असेल तर बिया आणि पाणी काढून अर्धाच, आणि तोही कोळंबीच्या आधी, पार आटेपर्यंत. मग मोठ्या आचेवर कोळंबी. झाकण ठेवायचं नाही. रंग पालटला की उतरवायची, कारण अजून एकदा ती तेलात जायची आहे. तव्यात पाणी दिसलं तर कोळंबी काढून घ्या, रस आटवा आणि परत मिसळा. कोळंबीचं सुकं करणाऱ्या घरात ही सवय असतेच. सारण पूर्ण गार होऊ द्या. गरम सारण गुंडाळलं तर आत पुन्हा पाणी सुटतं आणि वरची सगळी मेहनत वाया.

ताजी कोळंबी नसेल तर मेक्सिकन दुकानातली वाळवलेली कोळंबी आणा. ती आपल्या सोड्यांच्या जवळची, पण बरेचदा सालासकट आणि चांगलीच खारट असते. कोमट पाण्यात भिजवा, साल काढा, घट्ट पिळा. वर मीठ घालू नका. मला स्वतःला अर्धी ताजी आणि अर्धी सुकी कोळंबी सर्वांत आवडते.

इथं एक मतभेद नोंदवतो. आपल्याकडे कुठलाही परका पदार्थ आला की त्याला ‘आपल्या चवीचं’ करायची घाई होते. आलं-लसणाची गोळी, गरम मसाला, वर कोथिंबीर. मालवणी मसाल्याचा मी भक्त आहे, पण चीजबरोबर त्याचं जमत नाही. धणे, बडीशेप, दगडफूल यांचा वास चीजच्या स्निग्धतेत अडकतो आणि कोळंबीचा गोडवा मारून टाकतो. पोब्लानोचा सौम्य तिखटपणा किंवा डब्यातल्या चिपोतले मिरचीचा धूर तिथं नेमका बसतो. पद्धत आपली घ्या, मसाला त्यांचा राहू द्या. एकदा असा करून खा आणि मग काय बदलायचं ते ठरवा.

चीज कुठलं, यावर फार घोळ घालायला नको. वितळून तार धरणारं हवं : ओहाका चीज किंवा चिवावा चीज. चिवावाचं चीज तर मुळात कॅनडातून 1922 मध्ये मेक्सिकोत जाऊन वसलेल्या मेनोनाइट शेतकऱ्यांची देणगी. दोन्ही न मिळाल्यास कमी पाण्याचं मोझरेला चालतं. पाण्यात बुडवून विकतात ते ताजं मोझरेला अजिबात नको. पनीर घालू नका. आम्लानं फाडलेल्या दुधाचं असल्यामुळे ते वितळतच नाही. केसो फ्रेस्कोही वितळत नाही. चीज घरी किसा, कारण किसून विकतात त्याला पिष्टाचा हात फिरवलेला असतो आणि ते नीट एकजीव होत नाही. बारा टाकीटोंना दोनशे ग्रॅम पुरे.

टॉर्टिया मक्याचा, सहा इंची. मैद्याचा घेतलात तर तो तेल पितो आणि कुरकुरीतपणाची जात बदलते. घरी करायचा असेल तर आपल्या मक्याच्या भाकरीचं पीठ कामाचं नाही. गुंडाळताना त्याचे तुकडे पडतात. टॉर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत ठेवतात. त्यानं टरफल सुटतं, पीठ एकमेकांना धरतं आणि मक्यातलं नायसिन शरीराला मिळतं. मका युरोपात गेला आणि चुना मागे राहिला, म्हणून उत्तर इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रानं पिडलं. तेव्हा मासेकासारखं तयार पीठ आणा किंवा सरळ विकतचे टॉर्टिया. ओल्या फडक्यात गुंडाळून मायक्रोवेव्हमध्ये अर्धा-पाऊण मिनिट गरम करा, म्हणजे चिरत नाहीत. आधी चीज, त्यावर दोन चमचे सारण, कडेला बोटभर जागा मोकळी. घट्ट गुंडाळून टूथपिक खोचा आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवा. गार चीज उशिरा वितळतं, तोवर बाहेरचा टॉर्टिया कडक होऊन वाट बंद करतो.

तेल 175 ते 180 अंशांवर, टाकीटो शिवणीची बाजू खाली करून, एका वेळी चार. दोन-तीन मिनिटं पुरतात. जास्त घातले तर तेल निवतं आणि मग सगळंच तेलकट. काढल्यावर कागदावर आडवे पसरू नका. जाळीवर उभे-तिरपे ठेवा म्हणजे वाफ निघून जाते. सालसा आणि क्रेमा बाजूला द्यायचे, वर ओतायचे नाहीत. बारीक चिरलेली कोबी आणि लिंबू हवंच. एअर फ्रायरवाल्यांना एवढंच सांगतो : वरून तेलाचा हात फिरवा, 200 अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा. सारण कोरडं असेल तर बरे होतात. तळलेल्यांची सर येत नाही, पण धुराचा अलार्म वाजत नाही, हाही अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना मोठा फायदा आहे.

म्हणून कार्यकारिणीला विनंती : यंदाच्या सहलीत डब्यातल्या बीन्स आणि केशरी चेडरच्या त्या ‘मेक्सिकन काउंटर’ला रजा द्या आणि टाकीटोची शेगडी मांडा. सारण घरून सुकं करून, बर्फावर ठेवून आणता येतं, तिथं फक्त तळायचं. कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी आणि शाकाहाऱ्यांसाठी बटाटा-चीजचे टाकीटो वेगळ्या कढईत, वेगळ्या तेलात तळा, आणि दोन्ही कढयांवर मोठ्या अक्षरांत पाट्या लावा.