उपरा मासा की आक्रमक मासा?

तुम्ही सुट्टीत कोकणात गेलात, तर खाडीच्या चिखलाकडे नीट बघा. तिथे छोटे मासे चिखलावर उड्या मारताना दिसतील. त्यांना निवटी म्हणतात. ही निवटी गोबी माशांच्या नात्यातली. गोबीचा असाच एक भाऊबंद आपल्या ईडन प्रेरीपासून गाडीने अडीच तासांवर, डुलुथच्या बंदरात राहतो. त्याचं नाव राउंड गोबी.

हा मूळचा काळ्या आणि कॅस्पियन समुद्राकडचा, म्हणजे आशिया आणि युरोपच्या सीमेवरचा. मोठी जहाजं तोल सांभाळायला पोटात पाणी भरून घेतात. त्या पाण्यातून तो अमेरिकेत आला. १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडला आणि १९९५ मध्ये डुलुथला. मासा जेमतेम वीतभर, पण दुसऱ्या माशांची अंडी खातो आणि त्यांच्या जागा बळकावतो. स्वतःच्या अंड्यांवर मात्र नर डोळ्यांत तेल घालून पहारा देतो!

वर्गात एकीने त्याला 'उपरा मासा' म्हटलं. उपरा म्हणजे बाहेरून आलेला. मराठी अगदी बरोबर, तरी मला शब्द खटकला. मी लातूरहून इथे आलो, मग मीही उपराच की! ब्राऊन ट्राउटसुद्धा युरोपातून आणलेला मासा आहे. त्याला कोणी नावं ठेवत नाही, उलट लोक हौसेने गळ टाकून बसतात. म्हणून मी गोबीला 'आक्रमक' म्हणतो. २०१४ मध्ये मिनेसोटानेही 'एशियन कार्प' हे नाव सोडून 'इन्व्हेझिव्ह कार्प' म्हणायचं ठरवलं, कारण जुनं नाव आशियाई लोकांना लागत होतं.

तुम्ही म्हणाल, नाव बदलून मासा थोडाच बदलतो? नाही बदलत. पण 'आशियाई' म्हटलं की आपण त्याचं गाव बघतो. 'आक्रमक' म्हटलं की तो काय करतो आणि त्याला इथे कोणी आणलं, हे विचारतो. गोबी काही स्वतः व्हिसा काढून आला नव्हता.

आपल्या रायली तळ्यात झेब्रा शिंपले आधीच पोचलेत. तेही त्याच समुद्रांकडचे. तेव्हा तळ्यावरून निघताना होडीतलं पाणी तिथेच काढून टाका. आमिषाचे उरलेले छोटे मासे पाण्यात सोडू नका, कचऱ्यात टाका. दया येते, मलाही आली होती. आणि घरच्या टाकीतला गोल्डफिशही तळ्यात सोडायचा नाही, कितीही मोठा झाला तरी.