आधी केबल काढा, मग सही करा

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांना ही कळकळीची विनंती आहे. येत्या काही आठवड्यांत ट्रॅव्हल ट्रेलरच्या करारावर सही करणार असाल, तर पेन उचलण्याआधी सेल्समनला एक गोष्ट करायला लावा. ट्रेलरला जोडलेली बाहेरच्या विजेची केबल काढायला सांगा आणि मग दिवे, फ्रिज, हीटर, टीव्ही, एसी असं सगळं चालू करून दाखवायला सांगा. डीलरच्या आवारातला ट्रेलर बहुधा डीलरच्याच विजेवर चालत असतो. आत गारेगार, फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या, टीव्ही सुरू, आणि सेल्समन छताकडे बोट दाखवून सांगतो, "सोलर आहे, कुठेही जा." केबल निघाली की या वाक्यातलं किती खरं, ते तिथल्या तिथे कळतं.

घाई अशासाठी की हिवाळ्यातली आरव्ही प्रदर्शनं संपल्यापासून मेमोरियल डेपर्यंत खरेदीचा हंगाम असतो आणि "ही किंमत फक्त आज" हे वाक्य याच दिवसांत सगळ्यात जास्त ऐकू येतं. उन्हाळ्यात आईबाबा भारतातून येणार असतात, मुलांना सुट्टी असते, नॅशनल पार्कजवळच्या हॉटेलांचे दर पाहून डोळे पांढरे होतात, आणि ट्रेलर स्वस्त वाटू लागतो. कर्ज दहा, पंधरा, कधी वीस वर्षांचं मिळतं, म्हणून महिन्याचा हप्ता किरकोळ दिसतो. ज्याचा व्हिसा तीन वर्षांचा आहे त्यानं वीस वर्षांच्या कर्जावर सही करताना किमान एक रात्र तरी मध्ये जाऊ द्यावी.

आता ट्रेलरवर लावलेल्या "सोलर रेडी" बिल्ल्याकडे येऊ. सोलर रेडी, सोलर प्रेप, ऑफ-ग्रिड पॅकेज या शब्दांना सगळ्या उत्पादकांना बांधणारी एकच व्याख्या नाही. एकाच्या ट्रेलरवर पॅनेल, कंट्रोलर आणि बॅटरी असं सगळं असतं, दुसऱ्याच्या ट्रेलरला बाजूच्या भिंतीत एक छोटं सॉकेट आणि त्यामागे दोन वायरी, एवढंच. बिल्ला दोघांवर तोच. पुण्यातला बिल्डर फ्लॅटच्या भिंतीत पॉइंट काढून देतो आणि माहितीपत्रकात "एसीची सोय" छापतो, त्यातलाच हा प्रकार. शिवाय बॅटरी बहुतेक वेळा कारखान्यातून येतच नाही, ती डीलर बसवतो, आणि काही वेगळं मागितलं नाही तर हाताशी असलेली सगळ्यात स्वस्त बसवतो.

सॉकेटमागे काय आहे, यावर सगळा खेळ आहे. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. तो नसेल तर लेड-ॲसिड बॅटरीला नको तेवढा दाब मिळत राहतो, तिच्यातलं पाणी उडतं आणि ती लवकर मरते. काही ट्रेलरांत सॉकेटची वायर थेट बॅटरीला जाते, काहींत आतल्या कंट्रोलरला. घडीच्या पॅनेलला बहुतेकदा स्वतःचा कंट्रोलर असतो. तो तसाच ठेवून आतल्या कंट्रोलरवाल्या सॉकेटला जोडलात, तर दोन कंट्रोलर एकामागे एक लागून एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि चार्जिंग नीट होत नाही. एक मल्टिमीटर घेऊन जा. पॅनेल न जोडता सॉकेटवर साडेबाराच्या आसपास व्होल्ट दिसले, तर समजा की वायर थेट बॅटरीला आहे आणि मध्ये कुणी राखणदार नाही. शून्य दिसलं तर वायर कंट्रोलरला जाते, की फ्यूज बसवलेलाच नाही, की वायर नुसतीच लोंबते आहे, हे सेल्समनला उघडून दाखवायला लावा.

आणि धन-ऋण तपासा. दोन पिनांचं जे काळं एसएई कनेक्टर असतं, त्यात झाकलेली पिन कोणती आणि उघडी कोणती याचा एक रूढ संकेत आहे. पण झॅम्प कंपनीच्या भिंतीतल्या सॉकेटची जोडणी या संकेताच्या उलट असते, आणि ती सॉकेटं असंख्य ट्रेलरांत आहेत. दुसऱ्या कंपनीचं पॅनेल तिथे जोडायचं तर बाजू उलटवणारा छोटा ॲडॅप्टर लागतो. अगदी किरकोळ किमतीची वस्तू. ती नसली तर नशीब चांगलं असेल तर फ्यूज उडतो, नाहीतर कंट्रोलर जळतो. मला स्वतःला इथे लबाडीपेक्षा अज्ञान जास्त दिसतं. गेल्या महिन्यात गाद्या विकणारा माणूस आज ट्रेलर विकत असतो, त्याला ध्रुवता विचारली तर तो माहितीपत्रक उलटून बघतो. पण त्याच्या अज्ञानाचा चेक आपल्या खात्यातून जातो.

थोडा हिशोब करू, कारण आपल्याकडे हिशोब येणाऱ्यांचा तुटवडा नाही. छतावर सपाट बसवलेलं २०० वॅटचं पॅनेल उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी, सगळी गळती वजा जाता, साधारण ६०० ते ८०० वॅट-तास वीज देतं. झाडाखाली उभे असाल तर त्याच्या निम्मीही नाही. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी चालताना दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो. म्हणजे दिवसभराच्या उन्हाच्या कमाईवर एसी अर्धा तास चालला तरी खूप, आणि तोही मोठा इन्व्हर्टर असला तरच. अलीकडच्या बऱ्याच ट्रेलरांत गॅसवरच्या फ्रिजच्या जागी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज येतो. मोठा असेल तर तो एकटाच दिवसाला त्या पॅनेलची जवळजवळ सगळी कमाई खाऊन टाकतो. बॅटरीवर १०० ॲम्पिअर-तास लिहिलेलं असतं, पण लेड-ॲसिडची निम्मीच वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे हाताशी उरतात ६०० वॅट-तास.

"गाडी चालवताना बॅटरी आपोआप चार्ज होते," हेही ऐकाल. होते, पण सात पिनांच्या प्लगमधल्या बारीक, लांबलचक वायरीतून फार थोडी. चार तास गाडी चालवून रिकामी बॅटरी भरेल, या भरवशावर राहू नका.

बॅटरी संपली तर अंधारात बसू, गाणी म्हणू, असं कुणाला वाटेल. पण प्रोपेनवर चालणारा हीटरसुद्धा बॅटरीवरच्या पंख्याशिवाय पेटत नाही. यलोस्टोनमध्ये ऑगस्टच्या रात्रीसुद्धा पारा गोठणबिंदूजवळ उतरतो. सत्तरीच्या बाबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं, कुणाला रात्री श्वासाचं सीपॅप यंत्र लागतं. बहुतेक ट्रेलरांतला गॅसगळतीचा इशारा देणारा डिटेक्टरही याच बॅटरीवर असतो. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट सेल्समन कधीच सांगत नाही. ट्रेलर हमरस्त्यावर गाडीपासून सुटला, तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवे यंत्रणा ट्रेलरच्याच बॅटरीवर चालते. बॅटरी मेलेली असेल, तर सुटलेल्या ट्रेलरला ब्रेक नाही.

पार्कात गेल्यावर प्लग लावू, हा विचारही तपासून घ्या. योसेमिटी पार्कच्या एकाही कॅम्पग्राउंडला हुकअप, म्हणजे ट्रेलरला वीज-पाणी जोडायची सोय, नाहीत. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजचं आरव्ही पार्क सोडलं तर बाकी कुठेच नाहीत. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर ट्रेलर व्हिलेजला आहेत, पण तिथलं मुख्य मेदर कॅम्पग्राउंड हुकअपविना आहे. जनरेटर लावायचा तर त्याचे तास ठरलेले. ज्या जागांसाठी आपण ट्रेलर घेतो, नेमक्या तिथेच तुमची बॅटरी आणि तुमचं पॅनेल यांवर सगळी भिस्त असते.

सेल्समननं "लिथियम रेडी" म्हटलं तर विचारा की बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा आतला कन्व्हर्टर लिथियम बॅटरीला लागणारा दाब देतो का, की नुसती जागा ठेवली आहे. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते, म्हणून कोलोरॅडोत शरद ऋतूत हिंडायचं असेल तर ती कुठे बसवली आहे आणि तिला गरम ठेवायची सोय आहे का, हेही बघा. "तुमची ओडिसी आरामात ओढेल" या वाक्यावरही विश्वास नको. होंडा ओडिसीची ओढण्याची कमाल मर्यादा ३,५०० पौंड आहे आणि ट्रेलरच्या फलकावरचं ड्राय वेट, म्हणजे रिकामं वजन, पाणी, गॅस, सामान आणि आपली पिठाची पोती धरून नसतं.

एक आश्वासन तर आता सरळ शिळं झालं आहे. "सोलरवर सरकार तीस टक्के परत देतं," असं अजूनही कुणी सांगत असेल, तर ती घरगुती सौर उपकरणांवरची संघीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चाला लागू नाही. तिच्या हिशोबानं किंमत कमी धरून सही करू नका.

"नाही आवडलं तर तीन दिवसांत परत," या समजुतीवरही विसंबू नका. संघीय कायद्यातली तीन दिवसांची मुभा मुख्यतः दारावर येऊन केलेल्या विक्रीसाठी आहे, डीलरच्या कायमच्या दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला ती नाही. अनेक राज्यांत सदोष गाड्यांसाठीचा लेमन लॉ ओढून न्यायच्या ट्रेलरला लागू होत नाही. करारात बारीक अक्षरांत बहुधा एक कलम असतं की या कागदावर जे आहे तेवढंच खरं, तोंडी काहीही सांगितलेलं असो. म्हणून तोंडी ऐकलेलं करारात उतरवून घ्या. "सोलर पॅकेज" हा शब्द मान्य करू नका. पॅनेल किती वॅटचं, कंट्रोलर कुठला, बॅटरी कोणत्या प्रकारची आणि किती ॲम्पिअर-तासांची, इन्व्हर्टर आहे का आणि असला तर कोणत्या प्लगांना वीज देतो, सॉकेटची वायर कुठे जाते, हे आकड्यांत लिहून घ्या. लिहून द्यायला डीलर नाखूश दिसला तर तिथून निघा. तोच ट्रेलर दुसऱ्या गावी मिळतो. या देशातले बहुसंख्य ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्टच्या परिसरातूनच निघतात.

मराठी मंडळांना वेगळी विनंती. इलेक्ट्रिकल इंजिनिअर नसलेलं मराठी मंडळ उत्तर अमेरिकेत शोधून सापडायचं नाही. गणपतीच्या आरासेला रात्र रात्र वायरिंग करणारी ही मंडळी शनिवारी सकाळी एखाद्या कुटुंबाबरोबर डीलरकडे जाऊ शकतात. ज्यांच्याकडे आधीपासून ट्रेलर आहे, त्यांनी नव्यानं घेणाऱ्याला आपला करार दाखवावा, फक्त योसेमिटीचे फोटो नकोत.

आणि ज्यांनी नुकताच घेतला आहे, त्यांनी पुढच्या फेरीआधी बॅटरीचा दाब मोजावा, ब्रेकअवेची पिन ओढून ब्रेक लागतात का ते पाहावं आणि सॉकेटची धन-ऋण बाजू तपासावी. जे सांगितलं होतं ते नसेल, तर डीलरला फोनवर नव्हे, लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर आपल्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार करा. दोन्हीकडे ती ऑनलाइन करता येते. तक्रारीला करार, मल्टिमीटरच्या आकड्यांचे फोटो आणि त्या ट्रेलरची जाहिरात जोडा. जाहिरातीचं पान डीलर केव्हाही बदलू शकतो, तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.