दिव्याला अँपिअर मोजून द्या

काही वर्षांपूर्वी एका तालुका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतल्या एका मुलाने वीज गेल्यावर अभ्यासाला उपयोगी पडेल असा दिवा केला होता. लाकडी खोक्यावर बसवलेला दहा वॅटचा एलईडी, मागे बारा व्होल्टची बॅटरी आणि मध्ये एक बटण. बटण दाबताच सारी खोली उजळून निघाली. आम्ही परीक्षकांनी मनातल्या मनात त्याला पहिला क्रमांक देऊनही टाकला. दुपारी पुन्हा फेरी मारली तेव्हा उजेड निळसर दिसू लागला होता. थोड्या वेळाने एलईडीतील कणांची एक ओळ विझली आणि पाठोपाठ बाकीच्याही विझल्या. मुलगा रडवेला झाला. “सर, दुकानदाराने सांगितलं होतं, बारा व्होल्टचाच आहे म्हणून. मी बॅटरीही बाराचीच लावली!”

त्याने काही आगळीक केली नव्हती. विजेच्या दिव्याबद्दल आपण सगळ्यांनी त्याला जे शिकवले, तेच त्याने प्रामाणिकपणे पाळले होते. दिव्यावर लिहिलेले व्होल्ट पाहावेत आणि तेवढा विद्युतदाब द्यावा, हा नियम टंगस्टनच्या तारेच्या दिव्याला अगदी बरोबर आहे. एलईडीला मात्र तो लागू पडत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की एलईडीचे प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपण व्होल्टऐवजी अँपिअरचा विचार करायला शिकवले पाहिजे. आणि प्रदर्शनात बक्षीस झगमगाटाला न देता टिकणाऱ्या दिव्याला दिले पाहिजे.

असे का, ते पाहू. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध थंड असतानाच्या दहापटीहून अधिक होतो. म्हणजे ही तार वाढत्या प्रवाहाला स्वतःच लगाम घालते. एलईडी हा अर्धवाहकाचा डायोड आहे. त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. विशिष्ट विद्युतदाबापर्यंत त्यातून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. त्यापुढे मात्र दाब एक-दोन दशांश व्होल्टने वाढला, तरी प्रवाह दुप्पट होऊ शकतो.

हा विशिष्ट दाब कोण ठरवतो? तर प्रकाशाचा रंग! १९६२ साली निक होलोन्याक यांनी तांबडा प्रकाश देणारा एलईडी तयार केला. तांबड्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, म्हणून तांबड्या एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा पावणेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असते, म्हणून निळ्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात. प्रखर निळा एलईडी करायला आणखी तीस वर्षे जावी लागली. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण ज्याला पांढरा एलईडी म्हणतो, तो बहुधा पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा लेप चढवलेला निळा एलईडीच असतो. म्हणून त्यालाही तीन व्होल्टच लागतात. थोडक्यात, व्होल्ट निसर्गाने ठरवून टाकलेले आहेत. आपल्या हाती उरतात ते अँपिअर.

आता उष्णतेचा खेळ पाहा. एलईडीला दिलेल्या विजेपैकी बराच मोठा भाग, पुष्कळदा निम्म्याहून अधिक, उष्णतेतच जातो. कण तापला की त्याला लागणारा दाब दर अंशाला दोन ते चार सहस्रांश व्होल्टने कमी होतो. पन्नास अंश तापल्यावर ही घट एक-दोन दशांश व्होल्ट होते. बॅटरीचा दाब तर तसाच आहे! साहजिकच प्रवाह वाढतो, त्यामुळे कण आणखी तापतो, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. त्या मुलाचा दिवा सकाळभर याच चक्रात सापडला होता. शिवाय ‘बारा व्होल्टची’ बॅटरी तरी बाराची कुठे असते? शिसे-आम्लाची पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.७ व्होल्ट देते आणि चार्जर लावलेला असताना १४.४ पर्यंत जाते.

“मग मध्ये एक रोधक घातला की झाले,” असे कोणी म्हणेल. गणित करून पाहू. एक वॅटच्या पांढऱ्या एलईडीला ३५० मिलिअँपिअर प्रवाह हवा. असे तीन एलईडी एकसरीत जोडले, तर नऊ व्होल्ट लागतील. बारातले उरले तीन. तीनला ०.३५ ने भागले की रोधक येतो ८.६ ओहमचा. कागदावर सारे ठीक आहे. आता बॅटरी १४.४ व्होल्टवर गेली असे समजा. एलईडींनी थोडा जास्त दाब घेतला असे धरले तरी रोधकावर पाच व्होल्ट उरतात आणि प्रवाह ५८० मिलिअँपिअरच्या घरात जातो. दाब वाढला अवघा वीस टक्के, प्रवाह मात्र पासष्ट टक्के! लहान, २० मिलिअँपिअरच्या एलईडीला रोधक पुरतो. मोठ्याला स्थिर प्रवाह देणारे मंडलच हवे.

असे मंडल शाळेतही करता येते. एलएम ३१७ नावाचा तीन पायांचा, सहज मिळणारा नियंत्रक घ्या. बॅटरीचे धन टोक त्याच्या ‘इन’ पायाला जोडा. ‘आउट’ आणि ‘ॲडजस्ट’ या दोन पायांमध्ये ३.६ ओहमचा, एक वॅटचा रोधक लावा. ‘ॲडजस्ट’ पायापासून पुढे दोन पांढरे एलईडी एकसरीत जोडून बॅटरीच्या ऋण टोकाकडे या. हा नियंत्रक त्या रोधकावर नेहमी १.२५ व्होल्ट राखतो. म्हणून प्रवाह १.२५ भागिले ३.६, म्हणजे सुमारे ३५० मिलिअँपिअर एवढाच राहतो. बॅटरी बारावर असो की चौदावर! एलईडी दोनच का? कारण नियंत्रकाला स्वतःच्या कामासाठी तीनेक व्होल्ट शिल्लक लागतात. त्यात दोन-तीन वॅट उष्णतेत वाया जातात, हे खरे. म्हणून त्यालाही ॲल्युमिनियमची पट्टी लावा. पण त्याची धातूची पाठ ‘आउट’ पायाला जोडलेली असते, तेव्हा ती पट्टी दुसऱ्या कशाला टेकू देऊ नका. रोजच्या वापराच्या दिव्यासाठी तयार मिळणारा, कमी वीज वाया घालवणारा स्थिर-प्रवाह ड्रायव्हर घ्यावा. पण आधी एकदा हे मंडल हाताने जोडावे, म्हणजे ड्रायव्हरच्या डबीत काय चालते ते कळेल.

आता निवडीविषयी. दुकानात एलईडी वॅटवर विकला जातो. वॅट म्हणजे तो किती वीज खाईल, एवढेच. उजेड मोजतात तो ल्यूमेनमध्ये. जुना साठ वॅटचा बल्ब सातशेच्या आसपास ल्यूमेन देई, म्हणजे वॅटमागे बारा. आजचा चांगला एलईडी वॅटमागे शंभराहून अधिक ल्यूमेन देतो. तेव्हा माहितीपत्रक मागा आणि किती प्रवाहाला, किती तापमानाला किती ल्यूमेन, ते वाचा. ज्याचे माहितीपत्रकच मिळत नाही, त्याच्या वॅटवर विश्वास ठेवू नका. माझा सल्ला असा, की मोठा एलईडी घ्यावा आणि त्याला कमी राबवावे. ७०० मिलिअँपिअरचा एलईडी ३५० वर चालवला तर उजेड निम्म्याहून अधिकच मिळतो, उष्णता निम्म्याहून कमी होते आणि डोळ्याला फारसा फरक जाणवतही नाही. असे दोन एलईडी दोनशेहून अधिक ल्यूमेन देतील, आणि एका मेजावर वाचायला तेवढे पुरे. सात अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली, तरी दिवा दहा तास चालेल.

एलईडी नेहमी ॲल्युमिनियमच्या हीट सिंकवर, मध्ये पेस्टचा पातळ थर देऊन घट्ट बसवावा. लाकडाचे खोके ही दिव्याची भट्टीच होय. बॅटरीच्या धन टोकाजवळ एक अँपिअरचा फ्यूज हवाच. पेटलेल्या एलईडीकडे टक लावून पाहू नये. आणि घरातला बंद पडलेला एलईडी बल्ब उघडून त्यातील भाग २३० व्होल्टवर कधीही जोडून पाहू नये. कित्येक बल्बांतील मंडल थेट विजेच्या तारेशी जोडलेले असते आणि त्याचा धक्का जीवघेणा ठरू शकतो.

काही शिक्षक मित्र म्हणतात, “एवढे आकडे पुढे केले तर मुलांचा उत्साह मावळेल. आधी दिवा लागू द्या, मग पाहू.” त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. दिवा लागल्याचा आनंद मोठा असतोच. पण त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद दुपारपर्यंतच टिकला, आणि घरी जाताना त्याने मनाशी नेली ती शिकवण चुकीची होती: एलईडी भरवशाचे नसतात! मिलिअँपिअर मोजणारा साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. एका वर्गाला एक पुरतो.

म्हणून माझी परीक्षकांना आणि शिक्षकांना सूचना आहे. दिव्याच्या प्रत्येक प्रकल्पासोबत एक वही मागा. तीत तीन नोंदी असाव्यात: दिवा लावताच वाहणारा प्रवाह, अर्ध्या तासानंतरचा प्रवाह आणि त्या वेळचे हीट सिंकचे तापमान. दिवा सकाळी लावावा आणि क्रमांक सायंकाळी ठरवावा.

त्या दिवशी आम्ही त्या मुलाला कोणताच क्रमांक दिला नाही. आज वाटते, की त्या दिवशी नापास झालो ते आम्ही. सकाळी त्याच्या मेजापाशी उभे असताना, “बाळ, यातून प्रवाह किती वाहतो आहे?” एवढा एक प्रश्न आम्ही विचारला असता, तर त्याचा दिवा वाचला असता.