विसरणं म्हणजे प्रमाद नव्हे



मागे आमच्या बस्तीत विधान होतं. ओळखीच्या एक काकू भक्तामर म्हणता म्हणता मध्येच थांबल्या. ज्यांना 48 काव्यं झोपेतून उठवलं तरी म्हणता यायची, त्यांना पुढचं पद काही केल्या आठवेना. मागून कुणीतरी पुटपुटलं, "हल्ली लक्षच नसतं यांचं." काकूंनी ते ऐकलं. तेव्हापासून त्या पुढच्या रांगेत बसत नाहीत. करोना होऊन गेल्यापासून त्यांना असं होतंय, हे बोलणारीला माहीत नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

मला ते वाक्य फार लागलं, कारण 2021 मध्ये करोनातून उठल्यावर माझंही हेच झालं होतं. ताप आठवड्यात गेला, पण डोकं जागेवर यायला वर्ष लागलं. पाणी कधी गाळलं ते आठवायचं नाही. पीठ कधी दळून आणलं ते आठवायचं नाही, मग मर्यादा मोजायची कशी? पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7 हे पाठ होतं, पण मोजायला सुरुवात कुठल्या दिवसापासून करायची तेच हरवलेलं. एका अष्टमीला मी सवयीने पालेभाजी चिरायला घेतली आणि सासूबाईंनी हात धरला. त्या रागावल्या नाहीत, पण मी रात्रभर रडले. वाटलं, माझी श्रद्धाच उणी पडली.

आज मला ठामपणे म्हणायचंय की ती श्रद्धेची उणीव नव्हती. तो आजार होता.

करोनानंतर महिनोन्महिने राहणाऱ्या त्रासाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्ये केली. थकवा आणि धाप यांच्याबरोबर स्मरण व विचारशक्तीच्या तक्रारींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. 2024 साली इंग्लंडमधल्या 1 लाखाहून जास्त लोकांच्या चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. करोना होऊन गेलेल्यांचे स्मरण आणि विचारशक्तीचे गुण न झालेल्यांपेक्षा थोडे कमी भरले, आणि ज्यांची लक्षणं रेंगाळली होती त्यांचे अधिक कमी. दिलाशाची गोष्ट अशी, की ज्यांची रेंगाळलेली लक्षणं पुढे बरी झाली, त्यांचे गुण लवकर बरे झालेल्यांच्या जवळपास आले होते. म्हणजे हे नेहमी कायमचं नसतं. विषाणू गेल्यावरही शरीरात दाह राहतो, बारीक रक्तवाहिन्यांना त्रास होतो, झोप मोडते, आणि त्या सगळ्याचा भार मेंदूवर पडतो, असं डॉक्टर सांगतात.

आता आपल्याकडे नेहमी म्हणतात ते, "ज्ञानावरणीय कर्माचा उदय, भोगायलाच हवं." मी काही विदुषी नाही, पण पाठशाळेत शिकलेलं विसरलेले नाही. कर्माचा उदय आहे म्हणून ताप आलेल्या मुलाला आपण औषधाविना ठेवतो का? चार दानांत आहारदानाच्या शेजारी औषधदान ठेवलेलं आहे, ते उगाच नाही.

कुणी म्हणेल, तत्त्वार्थसूत्रात सामायिकाच्या अतिचारांत 'स्मृत्यनुपस्थान', म्हणजे विसरणं, सांगितलेलंच आहे. खरं आहे. पण ते अनादराच्या शेजारी आलंय. मन न लावल्यामुळे होणारं ते विसरणं आहे. दोषाचं मूळ आपल्याकडे प्रमाद मानतात. आठवायची धडपड करून करून जिचं डोकं दुखतं, तिच्यात प्रमाद कुठे आहे? उलट आजार ओळखू येत असताना 'वयच झालं' म्हणून तिला तसंच ठेवणं, हा घरच्यांचा प्रमाद आहे.

आणि श्रुतपंचमी आपण का साजरी करतो, हे आठवा. श्रुत हळूहळू लोप पावतंय हे पाहून धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना जवळचं ज्ञान दिलं, आणि त्यातून षट्खंडागम लिहिला गेला. मुखोद्गत राहीना म्हणून आचार्यांनी लिहून ठेवण्यात कमीपणा मानला नाही, उलट त्या दिवसाचं पर्व झालं. मग आपल्या काकूंनी पुस्तक हातात धरून भक्तामर म्हटलं तर काय बिघडलं?

म्हणून माझं सांगणं असं. आजारानंतर 2-3 महिन्यांनीही विसरभोळेपणा, गोंधळ, शब्द न सुचणं चालू असेल तर डॉक्टरांकडे जा आणि काय काय विसरतं ते लिहून न्या. सगळा दोष करोनाच्या माथी मारू नका. थायरॉइड, रक्तातलं लोह, साखर, झोप, मनाची उदासी यांनीही असंच होतं. बी-12 तर आपल्यासाठी खास महत्त्वाचं. आपल्या आहारात ते मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळतं, त्यात उपवास आणि रसत्याग, त्यामुळे ते कमी पडायला वेळ लागत नाही. तपासणी साध्या रक्ताची आहे. पुष्कळ कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राणिज असतं. म्हणून औषधच टाळू नका, गोळी किंवा इंजेक्शन मागून घ्या. मात्र अचानक बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, तर क्षणभर न थांबता दवाखाना गाठा.

दशलक्षणात उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. झेपत नसेल तर एकाशन करा, तेही नसेल तर एखाद्या रसाचा त्याग करा. आपल्याकडे शक्तीनुसार तप सांगितलं आहे. शिवाय या आजारात जोर लावून काम केलं की दुसऱ्या दिवशी डोकं जास्त जड होतं, हा माझा अनुभव. म्हणून कामं वाटून घ्या, मध्ये मध्ये पडून राहा.

घरच्यांसाठीही थोडं. आमच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी पाटी टांगली. पाणी गाळल्याची वेळ, पीठ दळल्याची तारीख, उद्याची तिथी, सगळं त्यावर. "मलासुद्धा आता लक्षात राहत नाही बाई," असं म्हणून त्यांनी ती स्वतःसाठीच केल्यासारखं दाखवलं. मी बरी झाले तरी ती पाटी अजून तिथेच आहे.

आणि बस्तीत कुणी पाठ म्हणताना अडखळली, तर मागून पुटपुटू नका. पुढचा शब्द हळूच सांगा. मी त्या काकूंकडे जाऊन आले. पुढच्या चतुर्दशीला आम्ही दोघी पुढच्या रांगेत बसणार आहोत, मध्ये एकच पुस्तक उघडं ठेवून.