हेरकथेतला शिपाई आमचाच आहे

मी वडनेरचा. तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा. शाळेत असताना रहस्यकथांचा फडशा पाडला. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप. दोघांनीही हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, खेड्यातल्या पोरांना वाचायची चटक लावली. ते ऋण मी नाकारत नाही. पण आज माझं या हेरकथेशी भांडण आहे.

हेरकथेत नायक कोण? कप्तान, मेजर, मोटार हाकणारा. आणि फितूर कोण? कचेरीतला शिपाई, कर्जात बुडालेला कारकून. तो दोन पानं येतो, गोळी खातो, मरतो. तो विकला कसा गेला, त्याची किंमत कोणी ठरवली, हे लिहायला लेखकाला सवड नाही. मी म्हणतो, खरी कादंबरी तिथंच सुरू होते!

हे गणित जुनं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेर नेमायची रीत दिली आहे. त्यात एक प्रकार आहे पोट भरण्याचं साधन गेलेल्या शेतकऱ्याचा. त्याला हेरायचं, जमीन द्यायची, कामाला लावायचं. म्हणजे भूक कुठं आहे हे राज्याला तेव्हाच ठाऊक होतं. ती मिटवायची नव्हती, वापरायची होती.

माझा आजा मालगुजारीच्या काळात गावाचा कोतवाल. रात्रीची गस्त, जन्ममरणाची वर्दी, गावात कोण परका उतरला त्याची खबर. खबर खरी निघाली तर शाबासकी मालगुजाराला. चुकली तर लाथ आज्याला. ज्या गावाच्या विहिरीला हात लावायची बंदी, त्या गावावर आज्यानं डोळा ठेवायचा! पश्चिम महाराष्ट्रात हीच राबणूक महारकी वतनाच्या नावानं चालली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते 1958 साली. काठी गेली. पण कान भाड्यानं घ्यायची रीत गेली नाही.

दिल्लीचं बघा. 1985 च्या जानेवारीत कुमार नारायण प्रकरण फुटलं. पंतप्रधान कार्यालयातले, संरक्षण खात्यातले स्वीय सहायक आणि कारकून पकडले गेले. गुप्त कागद बाहेर जात होते, नकला निघत होत्या. मोबदला काय? दारूच्या बाटल्या आणि काही पैसे. खटला सतरा वर्षं चालला. 2002 साली बारा माजी कर्मचाऱ्यांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईच्या एका उद्योजकाला चौदा वर्षांची. आणि कागद विकत घेणारे परदेशी? फ्रेंच वकिलातीतला लष्करी अधिकारी आपल्या देशी निघून गेला. त्याच्यावर इथं खटला नाही. या कारकुनांना मी निर्दोष म्हणत नाही. पण बाजार फक्त विकणाऱ्यानं भरत नाही.

आता आपल्या घरात या. आमच्या विहारात पोरांची बैठक सुरू झाली. गायरानाच्या अर्जाचा विषय होता. त्यात चोरी काय? संघटना करणं हा घटनेच्या 19व्या कलमानं दिलेला हक्क. तरी अर्ज जायच्या आधीच तिघांची नावं बाहेर गेली. त्या तिघांची मजुरी बंद झाली. सांगणारा वस्तीतलाच पोरगा निघाला. बापाचा दवाखाना, डोक्यावर कर्ज. एका साहेबानं चहा पाजला, मोबाईलचं रिचार्ज मारून दिलं. म्हणाला, "काही नाही रे, कोण कोण येते तेवढं सांगत जाजो."

पोरं म्हणाली, हाणा याले! तो रडत म्हणाला, "दादा, मले वाटलं, येवढ्यानं कोणाचं काय जाते?"

मित्रांनो, हेच ते वाक्य. दिल्लीच्या कारकुनानंही पहिला कागद देताना मनाशी हेच म्हटलं असेल. माणूस एकदम विकला जात नाही. चहाचहानं विकला जातो.

आम्ही त्याला मारलं नाही. माफही केलं नाही. त्या तीन घरांच्या दारात नेऊन उभं केलं, काय केलं ते त्याच्याच तोंडून सांगायला लावलं. मग त्याच्या कर्जाचा हिशोब मांडला आणि वर्गणी काढली. यावरून दोन मित्र बैठक सोडून गेले. "गद्दाराले वर्गणी?" म्हणाले. त्यांचा राग खोटा नाही. त्या तिघांपैकी एक त्यांचा भाऊ आहे. पण गद्दाराला ठोकून आपण साहेबाचं काय वाकडं केलं? उद्या तो दुसऱ्या कर्जदाराला चहा पाजेल. त्याचा गळ कर्जात आहे. गळ तोडा!

गरिबी हे कारण आहे, माफीनामा नाही. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर मांडणारी हेरकादंबरी मराठीत आपणच लिहू शकतो. कारण कान लावणारा आजाही आपला, विकला गेलेला पोरगाही आपला, आणि मजुरी गेलेली तीन घरंही आपलीच. सदाशिवपेठेची वाट पाहू नका. कप्तानाला दोन पानं द्या. बाकीची शिपायाला द्या.

जयभीम!