घसरता पाय, निसटती जबाबदारी

परांचीवरून पडून मजूर दगावल्याचे वृत्त देशातील कोणत्या ना कोणत्या शहरातून येते आणि दोन ओळींत संपते. कारखान्यात तेलकट फरशीवरून घसरून एखाद्याचे हाड मोडले, तर तेवढीही दखल घेतली जात नाही. दोन्हीकडे कारण एकच सांगितले जाते: तोल गेला. या दोन शब्दांनी दोष कामगाराच्या माथी येतो आणि तेथे कठडा का नव्हता, हा प्रश्न मागे पडतो.

कायद्याने मात्र तो प्रश्न टाळलेला नव्हता. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 32 नुसार जमीन, जिने व वाटा भक्कम, निर्वेध आणि निसरड्या पदार्थांपासून मुक्त ठेवणे बंधनकारक होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने धोकामुक्त कार्यस्थळाचे दायित्व मालकावर ठेवले आहे. कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादाही 1000 वरून 500 कामगारांवर आणली, हे स्वागतार्हच. परंतु विजेवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी लागणारी कामगारसंख्या 10 वरून 20 झाली आणि सुरक्षेचे तपशील सरकारी मानकांवर सोपवले गेले. संहितेचे मोल आता त्या मानकांच्या स्पष्टतेवर आणि तपासणीच्या नेकीवर ठरेल.

सांडलेले तेल तत्काळ पुसणे, जिन्यावर दिवा, परांचीला कठडा व जाळी, सुरक्षापट्टा अडकवण्यास भक्कम आधार. यांत न परवडणारे काही नाही. उणीव आहे ती उत्तरदायित्वाची. मालक कंत्राटदाराकडे, कंत्राटदार मुकादमाकडे बोट दाखवतो. बिहार वा ओडिशातून आलेल्या मजुराचे नाव हजेरीपटावर असतेच असे नाही. मग त्याच्या कुटुंबाने भरपाई मागावी कोणाकडे? मजुरी कामाच्या मापावर मिळत असेल, तर पट्टा बांधण्यात गेलेला वेळ त्याच्याच कमाईतून वजा होतो. अशा स्थितीत ‘सावधान’ असा फलक लावून कर्तव्य संपत नाही.

दरवर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कामगारांकडून प्रतिज्ञा वदवून घेतली जाते. ती प्रथम मालकांनी घ्यावी. पडण्याच्या प्रत्येक घटनेची, इजा झाली नसली तरीही, नोंद व्हावी. कंत्राटी कामगाराच्या अपघाताचा जाब मूळ मालकाला विचारला जावा. आणि परांचीची तपासणी झाल्याखेरीज वरच्या मजल्याचे काम सुरू होऊ नये. तोल माणसाचा जातोच; त्याला सावरणारी व्यवस्था उभारणे हे मालकाचे व शासनाचे काम आहे.